कॅप्टनचा उजवा कान

कॅप्टनला एखादा हेडफोन पसंत पडला नाही, तर ती तो काढून ठेवत नसे, फेकत असे. दादरच्या आमच्या दुकानातल्या समोरच्या भिंतीला त्यामुळे जागोजागी खळगे पडले होते. कंपन्यांचे सेल्समन नवा नमुना घेऊन आले की आधी त्या भिंतीकडे बघायचे आणि मग तिच्याकडे. "मॅडम, जरा हळू, फार महागातला आहे हो!" असं एकजण कळवळून म्हणाला, तर ती म्हणाली, "मग महागासारखं वागूक नको त्यानं?" आणि दिला फेकून.

आम्ही दोघी परळच्या एका मंडळाकडून कबड्डी खेळलो. ती चढाईला जायची, मी डाव्या कोपऱ्यात. तिला सगळे कॅप्टनच म्हणत, लालबागच्या चाळीतली तिची आईसुद्धा. खेळाडू कोट्यातून लागलेली बँकेतली नोकरी तिने साहेबाच्या कानाखाली जाळ काढून घालवली. का मारलंस म्हणून विचारलं तर म्हणाली, "तो हात लावत होता. मीपण लावला." मग ती माझ्या वडिलांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात येऊन बसायला लागली आणि वडिलांच्या मागे आम्ही दोघींनी त्याचं हेडफोनचं दुकान केलं. आमच्याकडे उंची माल, आणि तोही कान पूर्ण झाकणारा नाही, कानावर टेकणारा. हा प्रकार मोठा फसवा असतो बरं का. आवाज कितीही गोड असला, तरी त्याची गादी थेट कानावर दाबून बसते, आणि दाब जरा जास्त झाला की तासाभरात डोकं उठतं. दुकानात दोन मिनिटं लावून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला हे कळत नाही. घरी गेल्यावर कळतं.

कॅप्टनला मात्र लगेच कळायचं, आणि त्याचं कारण तिचा उजवा कान. एका सामन्यात तिघींनी मिळून तिला खाली पाडलं आणि एकीचा गुडघा सगळ्या वजनानिशी त्या कानावर आला. कॅप्टन तशीच फरफटत गेली आणि बोटाने मधली रेषा शिवली. तोंडातलं रक्त थुंकून तिने पहिलं काय विचारलं असेल, तर "पॉइंट दिला का?" पुढे तो कान सुजला, मग कडक झाला आणि सुकलेल्या अंजिरासारखा कायमचा आक्रसला. दुसऱ्यांचा कान तासाने कुरकुरायचा, तर तिचा कान हातातला चहा निवायच्या आत ठणकायचा.

आवाजाची परीक्षाही तिची स्वतःची होती. लालबागला मिरच्या कुटायचे डंक चालतात, त्यांचा आवाज तिने चांगला रेकॉर्डर नेऊन टिपून आणला होता. नवा हेडफोन आला की पहिल्यांदा तोच लावायचा. लोखंड पडल्याचा दणका, त्याखाली मिरचीचा चुरा होतानाची कुरकुर, आणि लांब कुठेतरी ठसका लागून खोकणारी एक बाई. हलक्या मालात नुसतंच ढब ढब. "बाई खोकली गो!" असं कॅप्टन ओरडली की समजायचं, आवाज पास.

गिऱ्हाइकांशीही तिची हीच तऱ्हा. गिरगावातले एक चष्मेवाले डॉक्टर एका हेडफोनवर भाळले होते. "अगदी कम्फर्टेबल आहे," म्हणाले. कॅप्टनने मागून दोन्ही हातांनी त्यांच्या डोक्यावर तो असा दाबला की चष्म्याच्या काड्या कानामागे रुतल्या आणि डॉक्टर किंचाळले. "हे तुम्हाला घरी तासाभरानं झालं असतं. आत्ताच दाखवलं," ती म्हणाली. बिचारे दुसरा घेऊन गेले, आणि नंतर आपल्या मेव्हण्यालाही घेऊन आले.

दुकानात प्रत्येक हेडफोनपुढे तिच्या निकालाची पाटी असे. एका वितरकाने मोठ्या तोऱ्यात एक नवा हेडफोन आणून दिला. बाई खोकली. नुसती खोकली नाही, तर खोकल्यावर तिने घेतलेला श्वासही ऐकू आला. पण चहा अर्धा होईस्तोवर कॅप्टनचा कान जांभळा पडला. तिने पाटी लिहिली: "आवाज सोनं. पण डोकं आवळतो. घेऊ नका." कोणीतरी त्या पाटीचा फोटो काढला, तो फोनांवरून फिरला आणि वितरकाचा माल पडून राहिला.

मग तो दोन फुगवलेले गडी घेऊन दुकानात आला. म्हणाला, "पाटी काढा."

"नाय काढणार."

"बाई, एवढ्याशा पाटीसाठी हातपाय मोडून घ्याल."

"मोड. पण पाटी राहणार."

मेल्याने पंजा पूर्ण उघडला आणि तिच्या उजव्या कानावर असा हाणला की मला वाटलं फटाकाच फुटला. कॅप्टन हलली नाही. तिने त्याची गचांडी धरली आणि त्याचं डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. एक गडी तिच्या अंगावर धावला, तशी मी कोपऱ्यातून झेप घेतली, त्याचा घोटा धरला आणि त्याला तोंडावर पाडला. त्याचा दात पडला. मला त्याचं आजही काडीचं दुःख नाही. दुसऱ्याने काउंटरची काच माझ्या खांद्यावर फोडली. शेजारच्या दुकानदारांनी येऊन सोडवलं नसतं, तर त्या दिवशी एखादा मुडदा पडला असता. पोलिसांनी दोन्हीकडच्या तक्रारी लिहून घेतल्या. तिच्या कानातून रक्त येतंय, हे चौकीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

पडदा फाटला होता आणि आतली नसही गेली होती. त्या कानाने आता ऐकू येणार नाही, असं परळच्या हॉस्पिटलात सांगितलं. मी ढसाढसा रडले. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

वितरकाला तेवढंच हवं होतं. "बहिरी बाई हेडफोन पारखते!" असं तो बाजारभर सांगत सुटला. हे कळलं त्या दिवशी कॅप्टन दुकानात आली, तोच हेडफोन उचलला आणि नीट न भरलेल्या त्या कानावर चढवला. चहा मागवला. कपाळावर घाम फुटला, डोळ्यांत पाणी आलं, तरी चहा अर्धा होईपर्यंत काढला नाही. "ऐकणं गेलं," ती म्हणाली, "दुखणं शाबूत आहे. आवळतो म्हणजे आवळतो. आवाजाचं मात्र आता तू बघायचं. एका कानानं मला खरं कळणार नाय."

मी हेडफोन लावला. डंक सुरू झाले. बाई खोकली, तिने श्वास घेतला. मला फक्त तो पंजा दिसत होता. मी हेडफोन काढला, जुनी पाटी फाडली आणि नवी लिहिली: "आवाज भिकार. आवळतोही."

कॅप्टनने ती वाचली आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की खांद्याचे टाके उसवले.

"बाई खोकली की नाय?"

"खोकली. म्हणून काय झालं? त्याने तुझा कान फोडलाय!"

"त्यानं फोडला. हेडफोननं नाय फोडला." रडताना मी तिला तेवढीच एकदा पाहिली. "माझा कान म्हणून तुला बसवली, आणि पयलाच निकाल खोटा देतस? लिही. सोनं लिही."

मी लिहिलं. खांद्यातून रक्त येत होतं आणि मी तिला तोंडाला येईल ते बोलत होते, पण लिहिलं.

कॅप्टन गेल्या वर्षी गेली. मैदानात नाही, मारामारीत नाही, झोपेत. तिला अजिबात शोभलं नाही. तो वितरक अजून धंद्यात आहे, माल तोच आहे, आणि आवाज भिकार आहे असंच लिहायला हवं होतं, हे माझं मत आजही बदललेलं नाही. पण गिऱ्हाईक तो हेडफोन हातात घेऊन विचारतं, "ताई, आवाजाला कसा आहे?" तेव्हा मी दातओठ खाऊन खरं तेच सांगते. सोनं आहे.