एकापासून शंभरापर्यंत

वहिनीला मी शिकवलं आणि मीच नापास केलं. गावात अजून फक्त पहिलं अर्धंच ठाऊक आहे.

भाऊ हॉलंडात काचेच्या फूलघरांत कामाला होता. नारायणगावजवळच्या पॉलिहाऊसवर जरबेरा कापता कापता त्याचं नशीब उघडलेलं. मग तिकडं नवा नियम आला: बायकोला आणायचं तर तिनं आधी इथूनच परीक्षा द्यायची. थोडं डच बोलणं आणि फोटो बघून त्यांच्या देशाची माहिती, ठरलेल्या शंभर प्रश्नांतले तीस. भावानं सीडी, फोटोंचं पुस्तक आणि इंग्रजीतलं एक पत्रक धाडलं. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, बी.ए. झालेली.

निरगुडसरच्या घरात आम्ही तिघीच. आईची डावी बाजू लुळी. वहिनी गेली की आई माझ्या गळ्यात. मंचरच्या स्थळानं तोंडावर विचारलं होतं, "आईचं कोण बघणार?" मी सांगून मोकळी झाले, "वहिनी आहे की!"

वहिनी आहुप्याकडची, तिसरी शिकलेली. पण कान असा, की भातलावणीची लांबच लांब गाणी तोंडपाठ. सीडी दोनदा लावली की उत्तर तयार. मधलाच प्रश्न विचारला तर मात्र अडखळायची. मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणत यायची, तेव्हा कुठं सांगायची. "वन्सं, गाण्यातली पुढची वळ मागचीचा हात धरून येती," असं हसत म्हणायची.

परीक्षेत प्रश्न उलटसुलट येतात, हे पत्रकात लिहिलं होतं. मी वाचलं, घडी घातली आणि माझ्या गादीखाली सारलं. मग रोज संध्याकाळी एकापासून शंभरापर्यंत ओळीनं म्हणवून घेतलं. शेजारणी ऐकायला जमायच्या. "लई हुशार गं बया!" भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, तुझं उपकार फिटायचं न्हाईत." लाज वाटली का? अजिबात नाही. केसानं गळा कापत होते आणि मजा येत होती.

मुंबईला त्यांच्या कचेरीत मीच घेऊन गेले. फोनवर मशीन बोललं ते डच वाक्य तिनं जसंच्या तसं म्हटलं. मग फोटोंच्या प्रश्नांना बसली आणि बाहेर आली ती घामानं भिजून.

"वन्सं, त्यांनी पयला इचारलाच न्हाई. मधनंच सुरू. मी मागनं येईस्तवर दुसरा फोटो." मग मलाच पाण्याची बाटली दिली. "तुमाला तरी कुठं म्हाईत व्हतं!" मी पाणी प्यायले.

ती नापास झाली. पुन्हा बसवू म्हणून भावाचा फोन आला, तो मी घेतला. "तिच्या डोक्यात शिरत नाही रे," म्हणाले. हळूहळू फोन कमी झाले. वर्षभरानं त्यानं कळवलं की तिकडं त्याचं दुसरं जमलंय, वहिनीनं वाट बघू नये. त्या वैशाखात माझं लग्न झालं. मला पहिली हळद वहिनीनं लावली.

मध्ये बरीच वर्षं गेली. एकदा माहेरी गेले तर वहिनी आईला कुशीवर वळवून पाठीला पावडर लावत होती. फळीवर ते फोटोंचं पुस्तक अजून होतं. माझी नजर तिकडं गेलेली तिनं पाहिली.

"वन्सं, आता कुठनंबी इचारा."

मी उगाच हसले. "कशाला गं आता?"

"इचारा की."

मी बासष्टावा विचारला. तिनं सांगितला. मग सतरावा, एक्क्याण्णवावा, चाळिसावा. पावडर लावता लावता पटापट, एकही चुकली नाही.

"असं मधलंमधलं कधी पाठ केलंस?"

"तुमच्या लग्नाला गाद्या उन्हात टाकल्या, तवा तुमच्या गादीखाली कागद घावला. शाळंतल्या गुर्जींकडनं वाचून घेतला," ती म्हणाली. "हळदीच्या आदल्या दिशी."

आईनं पाणी मागितलं, आणि वहिनी हात पुसत उठली.