एका दुकानातले पाच बा

मी गाव सोडलं त्या सकाळी बा मला गाडीपर्यंत पोचवायला आला नाही. ओसरीवर बसून तो एका सदऱ्याला गुंड्या लावत होता. तो सदरा कुणाचा, असं विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं, कारण त्याला आधीच चार गुंड्या होत्या आणि तो पाचवी लावत होता.

बा म्हणजे माझे वडील. अकोले तालुक्यातल्या आमच्या डोंगरातल्या गावात बापाला बा म्हणतात, हे गावात राहिलेल्या तुम्हा मंडळींना सांगायला नको. पण माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्या पोरांना आता सांगावं लागतं. आमचं घराणं शिंप्याचं. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे घरात दोन माणसं, एक कात्री आणि पुष्कळ शांतता. बाची नजर अधू झाली होती. निघण्याच्या आदल्या दिवशी मी वीस सुयांत दोरे ओवून त्या त्याच्या उशीत टोचून ठेवल्या. वीस सुया किती दिवस पुरणार, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

"बा, तू पण चल," हे मी महिनाभर म्हणत होतो. त्याचं उत्तर ठरलेलं.

"नको बा. हितलं मानूस हितंच बरं. तू जा."

म्हणजे आमच्या गावातच या शब्दाचे दोन अर्थ. एक बाप, आणि दुसरा नुसताच, नकाराला जरा मऊ करायला वापरायचा. बा स्वतःच 'नको बा' म्हणायचा तेव्हा तो स्वतःलाच नाही म्हणतोय असं वाटायचं. वेशीपर्यंत आली ती शेजारची तानूबाई. तिची आणि आमची भिंत एकच, आणि पावसाळ्यात गळायचंही दोघांकडे एकदमच. ती रडली आणि रडता रडताच नगरहून पितळी चाळणी आणायला सांगून मोकळी झाली.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशावर चालत. चढ आला की आम्ही उतारू खाली उतरून गाडीला धक्का देत होतो. संगमनेरपर्यंत मी गाडीत बसलो कमी आणि चाललो जास्त. नगरला पोचलो तेव्हा माझ्या तोंडावर कोळशाची इतकी काजळी होती की दुकानाच्या शेठने मला आधी कोळसेवाला समजून मागच्या दाराने यायला सांगितलं.

दुकान कापड बाजारात होतं. शेठ गुजराती, काम लष्करी छावणीच्या गणवेशांचं. खाली शिलाई, वर शेठचं घर. मी आत पाऊल टाकलं तोच मशिनीवरचा एक काळाभोर, हसरा माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "बा, बा."

मी वीस वर्षांचा, लग्न नाही, आणि मला बा म्हणणारा हा गृहस्थ चाळिशीचा. शहराची रीत म्हणावी तर फारच वेगळी. मग कळलं की हा हणमंतप्पा, धारवाडकडचा, आणि कानडीत 'बा' म्हणजे ये. तो गिऱ्हाइकाला बा म्हणे, चहावाल्याला बा म्हणे, दारात येणाऱ्या शेळीलाही बा म्हणे. पहिले आठ दिवस त्याने कुणालाही बोलावलं की माझी सुई थांबायची. वाटायचं, वळून बघावं, दारात बा उभा असेल. दारात शेळी असायची.

दुपारी जेवायला वर गेलो. शेठची म्हातारी आई पांढऱ्या लुगड्यात चुलीपाशी बसलेली. सगळे तिला 'बा' म्हणत. गुजरातीत बा म्हणजे आई. आता हे मात्र फार झालं. ज्या शब्दाला आमच्याकडे मिशा असतात तो शब्द एका बाईला लावायचा, हे माझ्या तोंडून निघेना. मी तिला 'अहो आजी' म्हणायचो. तिला ते आवडायचं नाही.

"मने बा कहे ने," ती म्हणायची आणि रागारागाने माझ्या वाटीत आणखी डाळ ओतायची. त्या डाळीत गूळ असायचा. मिरचीच्या ठेच्यावर वाढलेला मी, पहिल्या घासाला मला वाटलं की आज काही सण आहे. महिनाभर सण चालू राहिला तेव्हा समजलं की हे रोजचं आहे. पण एक सांगतो. आई गेल्यापासून मला कुणी 'अजून घे' म्हटलं नव्हतं. बा वाढायचा तो मोजकंच आणि मुकाट्याने.

तिसरे आमचे उस्ताद, हुसेनमियाँ. मुख्य कापणारे तेच. गणवेशाचं कापड त्यांच्याशिवाय कुणी कापायचं नाही, असा दंडक. त्यांच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी 'बाकायदा' यायचं. काम बाकायदा, बसणं बाकायदा, कात्री ठेवणंही बाकायदा. मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा वर केला. "बा यानी साथ, मियाँ. बाकायदा, कायदे के साथ. बाअदब, अदब के साथ." मी घरी पत्र लिहिलं, गावच्या शाळेतल्या मास्तरांनी ते बाला वाचून दाखवलं. त्यात मी लिहिलं होतं की इथे आई बा आहे, ये बा आहे आणि सोबतही बा आहे, फक्त तू तेवढा नाहीस. मास्तरांनी बाचं उत्तर एका ओळीत कळवलं : "समदे हायेत तर माजं काय काम?"

आता माझा पराक्रम सांगायला हवा. सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या गावात कपडा मापाचा शिवायचा नसतो. मापाचा शिवला तर लोक शिंप्याला वेड्यात काढतात. पोराला सदरा शिवायचा तो 'वाढत्या अंगाचा'. दोन बोटं छातीत जास्त, चार बोटं लांबीला, आणि दुमड आत भरपूर, म्हणजे तीन वर्षं पुरला पाहिजे आणि मग धाकट्याला. मोठ्या माणसालाही तसंच, कारण माणूस पुढे काय होईल ते सांगता येत नाही. बाने मला माप घ्यायला नंतर शिकवलं, आधी वाढवायला शिकवलं.

चौथ्या महिन्यात उस्तादांना हिवतापाने धरलं. छावणीचं काम अंगावर आलेलं, दोनशे खाकी हाफ पँटी. मापांचा कागद माझ्या हाती देऊन शेठ म्हणाले, "काप." माप कागदावर होतं, पण हात बाचा होता. मी दोनशेच्या दोनशे हाफ पँटी मोठ्या मायेने वाढत्या अंगाच्या कापल्या, हणमंतप्पाने त्या शिवल्या, आणि छावणीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी एक गोरा साहेब दुकानात आला. सोबत एक लांबडा सार्जंट. त्याला आमची हाफ पँट घातलेली. गुडघे दिसत नव्हते. कंबर त्याने दोन्ही हातांनी धरली होती. साहेबाने त्याला सलाम ठोकायला सांगितलं. त्याने हुकूम पाळला, एक हात कपाळाला नेला, आणि पँट त्या बाजूने खाली गेली. साहेब माझ्याकडे बघून नाकातून म्हणाला, "बाः!" या दुकानातला हा चौथा परका बा, पण याचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही.

उस्ताद तापातून घोंगडी पांघरून खाली आले. "ये किस के नाप की काटी?"

"वाढत्या अंगाची," मी म्हणालो.

"मियाँ," उस्ताद भिंतीला टेकून म्हणाले, "वो पैंतीस बरस का है. अब कितना बढेगा?"

साहेबाने आठ दिवसांची मुदत दिली. नाहीतर यापुढे काम बंद. शेठने मला कात्रीला हात लावायचा नाही असं बजावलं आणि गाडीच्या वेळा सांगितल्या. हणमंतप्पा शर्टांच्या कामात बुडालेला, उस्ताद पुन्हा अंथरुणात. मी बाला कार्ड टाकलं : माझं चुकलं, परत येतोय. लिहिताना लाज वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटत होतं. तो येत नाही तर मी जातो, असा हिशेब.

चौथ्या दिवशी हणमंतप्पा दाराकडे बघून "बा, बा" म्हणाला. मी मान वर केली नाही. शेळीला आम्ही आता कंटाळलो होतो. पण शेळी म्हणाली, "आलो की. किती वरडतोस?"

बा दारात उभा होता. तोंड कोळशाने काळं, काखेत गाठोडं, हातात घरची कात्री. टोपीत वीस मोकळ्या सुया टोचलेल्या.

"दोरे सरले," तो म्हणाला. "ओवून दे. दोन दिस हाय मी, मंग जानार." तिथेच बसून त्याने एक हाफ पँट उलटी केली, शिवण बोटांनी चाचपली आणि शेठला म्हणाला, "कापड बराबर हाय. घालनारे कमी वाढलेत." शेठचा चेहरा बघून तो पुढे म्हणाला, "जादा हाय तर आत घेता येतं शेठ. कमी असतं तर काय मानसाचं कातडं लावलं असतं?"

शेठला हे पटलं. बाने त्यांना माझ्या हाती कात्री परत द्यायला लावली. तीन दिवस आम्ही बाप-लेकांनी दोनशे पँटी उसवल्या, आत घेतल्या, आखूड केल्या. बा शिवण बोटाने सांगायचा, मी डोळ्याने बघायचो. वरून म्हातारी बा चहा पाठवायची आणि हणमंतप्पाने कुणालाही बोलावलं की माझा बा "काय रं?" म्हणून ओ द्यायचा. सहाव्या दिवशी माल गेला. काम राहिलं, मी राहिलो.

बाने गाठोडं बांधलं. "जातो आता."

म्हातारी जिन्यात येऊन उभी राहिली. "आजे ने आजे क्यां जाओ छो? काले जजो." म्हणजे आज नको, उद्या जा. निघणाऱ्या पाहुण्याला गोड खाऊ घालून मगच सोडायचं, ही तिची रीत. तिने शिरा केला. बा दोन वाट्या शिरा खाऊन निजला आणि सकाळी म्हणाला, "आता उद्या जातो."

यानंतर जे झालं त्यावर विश्वास ठेवा अगर नका ठेवू. लढाई संपली, बा उद्या जाणार होता. देश स्वतंत्र झाला, दुकानावर झेंडा लागला, बा झेंडा शिवून परवा जाणार होता. माझं लग्न झालं, वरबाप म्हणून पाटावर बसून तो व्याह्यांना सांगत होता की अक्षता पडल्या की निघतो. दुकानामागची खोली आम्ही भाड्याने घेतली. तिथेही त्याचं गाठोडं दाराशीच. महिन्यातून दोनदा तो निघायचा, महिन्यातून दोनदा वरून शिरा यायचा, पुढे माझी बायकोही शिरा करायला शिकली. मी गावाकडे जाऊन येतो म्हटलं की तो अडवायचा. "तू कशाला? म्या जानारच हाय."

मला मात्र खरोखर धाकधूक असायची. दुकानातून येताना मी आधी दाराशी गाठोडं आहे का बघायचो. एखादा शब्द वावगा गेला तर म्हातारा खरंच गाडीत बसेल, या भीतीने मी त्याच्याशी सात वर्षं आवाज चढवला नाही. त्याला आवडेल ती भाजी, त्याला हवी ती तंबाखू. तो गेला असता तर माझं नगरातलं सगळं घर उलटं झालं असतं.

शेवटी शेठच्या कामासाठी संगमनेरला जाणं झालं, तिथून न सांगता गाव गाठलं. म्हटलं, घर तरी बघून यावं, पडलं असेल तर डागडुजी करावी. आमच्या दाराला कुलूप नव्हतं. ओसरीवर तानूबाई तांदूळ निवडत बसली होती. आत तिची सून स्वयंपाक करत होती.

"तुज्या बानं दिलं की," ती म्हणाली. "निगाला त्याच दिशी. मदली भिंत पाड म्हनला, म्या पाडली. म्हनला, आता काय म्या परत येत न्हाई."

"त्याच दिवशी? मग सात वर्षं उद्या जातो, उद्या जातो काय चाललंय?"

तानूबाईने सुपातला खडा काढून बाहेर टाकला. "पाव्हन्याला कुनी हाकलत न्हाई, आन घरातल्या म्हाताऱ्याला कुनी इचारत न्हाई. तुजा बा लई शाना हाय. आन माजी चाळनी कुटं हाय?"

परतीच्या गाडीत मी इतका हसलो की शेजारच्याने जागा बदलली. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं ते पुसायचं राहूनच गेलं. आम्ही गाव सोडलेले लोक जन्मभर सांगत फिरतो की आमचं घर तिकडे आहे, इथे आपलं पोटापुरतं. मीही सांगत होतो. आणि ज्याच्यामुळे ते घर होतं तो माणूस कधीच सगळं आवरून, भिंत पाडायला सांगून, माझ्या खोलीत येऊन झोपला होता. मी त्याला परत जाण्यापासून अडवत होतो आणि त्याला जायला जागाच नव्हती. ती त्याने स्वतःच ठेवली नव्हती.

दिवेलागणीला घरी पोचलो. गाठोडं दाराशी होतं. बा उंबऱ्यापाशी बसला होता.

"उशीर केलास. कुटं गेल्तास?"

"संगमनेरला. शेठचं काम होतं."

त्याने माझ्या चपलांकडे बघितलं. आमच्या गावची तांबडी माती नगरात कुठेच नसते. मग त्याने गाठोडं जवळ ओढलं.

"मी म्हन्तो, उद्याच्याला निगावं आता."

मी चपला काढल्या आणि आत बायकोला रवा भाजायला सांगितला.

"दोन दिस ऱ्हा, बा," मी म्हणालो. "मंग जा."