हलकी डिस्क आणि कच्चा टाका

…तर सुई कापडात रुतून बसली, इथवर आपण काल आलो होतो. बँडवाल्यांच्या कोटावरचा बिल्ला अर्धा भरून झालेला आणि भरतकामाचं मशीन गप्प. दोष मशीनचा नव्हताच. त्याला वायरीतून नक्षी पुरवायचा तो वहीएवढा छोटा लॅपटॉप, आणि त्याच्या डिस्कमध्ये तीळ ठेवायला जागा उरली नव्हती. उरणार कुठून? नवरा गेल्यापासून सुईवाल्या काकूंनी काढलेली एकूण एक नक्षी तिथेच. दुसरीकडे प्रत नाही. काकूंची तिजोरी ती आणि चूलही तीच.

कोट वेळेवर गेले तर बँडवाल्यांचं वर्षभराचं काम काकूंना मिळणार होतं. नाहीतर ते पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्यात जायचं.

काकूंचा धाकटा दीर मोठा हरहुन्नरी. त्याने एकदा पंखा दुरुस्त केला, तेव्हापासून त्या घराच्या खिडक्या कायम उघड्या असतात. तो म्हणाला, "वहिनी, नवा लॅपटॉप कशाला? डिस्क तेवढी बदलू. जुन्या बाजारात एक जण चौपट जागेची देतो, निम्म्या भावात. जुनी मात्र त्याला द्यायची."

दोघं गेले. दुकानदार गोड बोलायचा, पण बोलताना माणसाकडे बघायचा नाही. फडक्याने बोटं पुसत बसायचा, जणू काही लागलंय आणि निघत नाही. काकूंनी डिस्क तळहातावर घेतली आणि क्षणभर तशीच धरली.

"फार हलकी आहे हो ही."

"नवीन वस्तू हलक्याच असतात, ताई."

"बरोबर आहे," दीर म्हणाला. "आता आत फिरणारी चकती नसते." तेही खरंच होतं, म्हणून काकूंनी पैसे मोजले. पण घरी येईपर्यंत पिशवी त्यांनी दिराच्या हाती दिली नाही.

दिराने जुनी डिस्क नव्या डिस्कला वायरीने जोडली, सगळं उतरवून घेतलं, मागचे स्क्रू काढून नवी आत बसवली. काकू शेजारी उभ्या होत्या. पडद्यावर नावांची रांग आली. कमळ, मोर, वेलबुट्टी, शाळेचे बिल्ले, सगळी हजर.

"द्या आता ती जुनी. दुकान बंद व्हायच्या आत देऊन येतो."

"भाऊजी, पक्की शिवण पडल्याशिवाय कच्चा टाका काढत नाहीत."

"अहो, हे कापड थोडंच आहे? चार उघडून बघा आणि मोकळ्या व्हा."

इथे काकूंची सवय आडवी आली. कापड दुकानात गेल्या की त्या काठ बघतात. काठ चांगला तर कापड चांगलं, असं सासूने शिकवलेलं, आणि जन्मात कधी फसल्या नव्हत्या. त्यांनी रांगेच्या काठावरच्या दोन नक्ष्या उघडल्या, अगदी पहिल्या. कमळ आलं. मोर आला. पाकळीन् पाकळी, पीसन् पीस जागेवर. काकूंनी जुनी डिस्क रुमालात गुंडाळून दिराच्या हातात ठेवली. हात मागे घेताना रुमाल बोटाला अडकला, तो त्यांनी सोडवला.

सकाळी त्यांनी दुसरा कोट मशीनवर चढवला आणि बिल्ल्याची नक्षी लावली. मशीन सुरू झालं. तुतारीचं तोंड भरलं, दांडा निम्मा भरला आणि सुई एकाच जागी पडू लागली. टक, टक, टक. काकूंनी बटण दाबेपर्यंत कापडाला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं.

त्यांनी रांगेतली बिल्ल्यानंतरची नक्षी उघडली. नाव होतं, आत काही नव्हतं. पुढची उघडली, तीही तशीच. त्या डिस्कच्या पोटात वरच्या चिठ्ठीवर लिहिलेल्याच्या चिमूटभरही जागा नव्हती. पोट भरल्यावर ती नुसती नावं लिहून घेत गेली होती, आतला माल वाऱ्यावर सोडून.

भोक पडलेला कोट घेऊनच दोघं दुकानात गेले. तिथे जुन्या लॅपटॉपवाल्या तीन बाया रांगेत बसल्या होत्या. दुकानदाराने बोटं पुसता पुसता ऐकून घेतलं. "तुमची जुनी? ती पुसून लगेच पुढे गेली. गिऱ्हाईक थांबलेलंच होतं. ही बदलून देतो की." आणि त्याने तशीच एक पुढे सरकवली. काकूंनी ती हातात घेतलीसुद्धा नाही. रांगेतल्या पहिल्या बाईच्या मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, जुनी सोडू नका." बाईने पिशवी छातीशी धरली. दुकानदाराचं फडकं पहिल्यांदाच थांबलं, आणि त्याने वर बघितलं. ती नजर दिराला बघवली नाही. त्याने काकूंना दंडाला धरून बाहेर आणलं.

परतीच्या वाटेवर तो खाली मान घालून चालत होता. शेवटी घराच्या कोपऱ्यावर हळूच म्हणाला, "वहिनी, शिव्या द्या, पण बोला काहीतरी. आता करायचं काय?"

काकूंनी कोटाचं भोक दोन बोटांत धरून उजेडासमोर बघितलं आणि म्हणाल्या, "करायचं काय म्हणजे? ज्यांच्या ज्यांच्या अंगावर माझे टाके आहेत, त्यांच्या दारात जायचं, कपडे मागून आणायचे आणि त्यांवरून नक्षी पुन्हा काढायची. बँडवाल्यांचं पहिलं दार, या भोकाचं सांगायला. तुम्ही बरोबर यायचं, भाऊजी, आणि तोंड उघडायचं नाही."