सिस्टरची अकरा मिनिटं

बेचाळीस किलोमीटर पळण्याची खरी किंमत मला परवा कळली. पायाची तीन नखं, बुटांचे चार जोड, वर्षभराचा गोड चहा... आणि बाळापूरच्या जीपवाल्यांची चेष्टा, ती वेगळी. हा हिशेब माझा नाही, आमच्या सिस्टरचा आहे.

सिस्टर म्हणजे आमच्या आरोग्य उपकेंद्रातल्या रिटायर्ड नर्सबाई. सदतीस वर्षं या भागात बाळंतपणं केली, लसी टोचल्या, पायी वाड्या-वस्त्या तुडवल्या. रिटायर झाल्यावर पाय घरात बसेनात, म्हणून पळायला लागल्या.

पहिल्या दिवशी कळमनुरी रोडला त्या पळताना दिसल्या आणि एका जीपवाल्यानं कचकन ब्रेक मारला. "बसा सिस्टर! कोन्त्या गावाला? कोणाला कळा सुरू झाल्या?"

"व्यायाम करून राहिले रे बाबा!" म्हटलं तरी तो पन्नास फुटांवर जाऊन पुन्हा थांबला... "पण नक्की कोणी अडलं न्हाई ना?" बाई नुसत्याच पळतात, हे लोकांना पटायला दोन महिने गेले.

माझं बसस्टँडजवळ ऑनलाईन सेवा केंद्र आहे. एका उसन्या टेबलावर सुरू केलं, आज चार कॉम्प्युटर आहेत. या तालुक्यात माझ्यावर कोणाचा काडीचा उपकार नाही, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो... आता तुम्हालाही सांगितलं.

तर मागच्या दिवाळीनंतर सिस्टर दुकानात आल्या. वहीच्या पानावर तीन नावं लिहिलेली... जर्मनी, जपान, अमेरिका. म्हणाल्या, "आता वर्षभर सराव, मग एका वर्षात तिन्हीकडं मॅरेथॉन पळायची. फॉर्म भर."

सातबारा काढायला बसलेले एक काका खो-खो हसले. "सिस्टर, इथं हिंगोलीला जायला टायमावर एसटी भेटत न्हाई, अन् तुमी जपानला!"

"एसटी भेटत न्हाई म्हणूनच तर पळून राहिले," सिस्टर म्हणाल्या.

जर्मनी-जपानचे फॉर्म सरळ गेले. अमेरिकेच्या शर्यतीला मात्र अट होती... तुमच्या वयोगटाला जी वेळ ठरलेली, त्या वेळेत आधी एक मॅरेथॉन पूर्ण केलेली पाहिजे. सिस्टर कागदावर त्रेसष्टच्या. त्यांनी आधी पळलेल्या मॅरेथॉनमध्ये त्या गटाची वेळ अकरा मिनिटांनी हुकत होती. पासष्टच्या गटात असत्या, तर आरामात बसल्या असत्या.

मी आधार कार्ड बघितलं. जन्मतारीख, एक जून! आमच्याकडची अर्धी म्हातारी माणसं एक जूनलाच जन्मलेली आहेत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं टाकलेली तारीख... "सिस्टर, खरी कोणती?"

"आई म्हणायची, पोळ्याचा दिवस होता. तिनं सांगितलेलं साल धरलं तर कागदापेक्षा मी दोन वर्षांनी मोठी."

"मग काम झालंच की! अॅफिडेव्हिट करू, एखादा जुना दाखला उभा करू. महिन्याभरात तुमी पासष्टच्या."

सिस्टरनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उभा करू म्हणजे? आहे का तो दाखला?" मी स्क्रीनवर उघडलेला अॅफिडेव्हिटचा नमुना बंद केला.

"रजिस्टरात सदतीस वर्षं लेकरांच्या जन्माच्या वेळा लिहिल्या मी, मिनिटासगट. लोक म्हणायचे, सिस्टर, शाळेसाठी दोन महिने मागं घ्या, पत्रिकेसाठी अर्धा तास पुढं घ्या. न्हाई घेतलं. अन् या एक जूनमुळं मला नोकरीची दोन वर्षं जास्त मिळाली, तवा मी गप्प बसले. आता सूट पाहिजे म्हणून म्हातारी होऊ का?"

"मग अमेरिका राहू द्यायची?"

"काहून? अकरा मिनिटंच कमी करायची ना? ते पायाचं काम आहे, कागदाचं न्हाई." उठता उठता म्हणाल्या, "तुझी तारीख मात्र बराबर आहे हो." मला वाटलं, चेष्टा करतायत.

माझे कान तिखट आहेत. सकाळी शटर उघडायच्या आधी आत साफसफाई करताना मला रस्त्यावरून सिस्टरच्या बुटांचा आवाज ओळखू यायचा. संक्रांतीला तो रमतगमत यायचा... गणपतीपर्यंत असा चटचट जायला लागला, की झाडू हातात धरून मी नुसता ऐकत उभा राहायचो. पासष्टीची बाई. खरी पासष्टीची.

परवा त्यांनी पुण्याच्या मॅरेथॉनचं सर्टिफिकेट माझ्या टेबलावर ठेवलं. मी वेळ दोनदा वाचली. अकरा नाही... चौदा मिनिटं कमी.

"वरची तीन कशाला, सिस्टर?"

"इंजेक्शन भरताना दोन थेंब जास्त घ्यावे लागतात रे. सांडतात."

मी फॉर्म भरला. आयुष्यात हजारो एक जून टाईप केले असतील, पण हा एकेक आकडा बघून टाकला. काल ईमेल आला... नाव लागलं. जीपवाल्यांनी स्टँडवर पेढे वाटले.

रात्री जेवताना हे सगळं आईला सांगितलं. मला वाटलं, ती तोंडात बोट घालेल. तिनं शांतपणे भाकरी मोडली.

"ती काय आज पळून राहिली व्हय? तुझ्या टायमाला तिचं नोकरीचं पहिलं साल. ओढ्याला पूर, गाडी न्हाई, बैल न्हाई. नऊ किलोमीटर चिखलातनं आली पोरगी. आल्या आल्या घड्याळ काढून उशाला ठेवलं."

मी पायाळू होतो. सिस्टरनी दोन्ही पाय धरून बाहेर काढलं, म्हणून आहे.