ब्रिस्टलमधली माझी चढाई

आता हसणार असाल तर आधी चहाचे कप खाली ठेवा. कारण मी जो घोळ घातला, तो ऐकून सुजितने नवाकोरा गालिचा खराब केलाय. आणि तो तर तिथे हजर होता!

तर झालं असं. ब्रिस्टलला माझं एमए संपत आलेलं. विषय कोणता? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या कॉलेजांची पोरं आणि त्यांचे खेळ. साताऱ्याच्या मुलीला हे कुठून सुचलं, असं आई अजून विचारते. पण मला पुढे पीएचडी करायची होती ती फक्त प्रोफेसर हेलनकडे. आणि बाई काही हो म्हणेनात! "तुझा विषय अजून धूसर आहे," एवढंच.

त्यात आमच्या डिपार्टमेंटने जुन्या पद्धतीची अमेरिकन फुटबॉल मॅच ठेवली. अगदी त्या काळच्या नियमांनी, इंजिनिअरिंगवाल्यांविरुद्ध. म्हटलं, हाच मोका! बाईंसमोर छाती पुढे काढून म्हणाले, "नियम? कोळून प्यायलेय मी!"

सुजित म्हणजे माझा फ्लॅटमेट, नागपूरचा. तो म्हणाला, "अगं, पण तू हा खेळ कधी खेळलीयेस का?"

"कॉलेजच्या टीममध्ये होते मी!"

"कबड्डीच्या!"

"मग? अंगावर यायचं आणि पाडायचं. वेगळं काय आहे त्यात?"

मॅचच्या दिवशी चिखल, लोकरी स्वेटर आणि सगळ्यांना चिकटवलेल्या मिश्या. हो, मलासुद्धा! शेवटची काही मिनिटं उरली, दोन्हीकडे गुण सारखे. बाजूला छत्री घेऊन हेलनबाई उभ्या. आणि नेमका चेंडू आला माझ्या हातात.

नियम साधा हो. चेंडू घेऊन समोरच्यांची रेषा ओलांडायची. स्वतःच्याच रेषेमागे टेकवलात, तर दोन गुण त्यांना. डोक्याला हे सगळं पाठ होतं. पायांना कोणी सांगितलं नव्हतं ना!

मी घुसले. समोर तीन आडदांड इंजिनिअर. एकाच्या खांद्याला हात लावला, दुसऱ्याच्या पोटाला, तिसऱ्याच्या गुडघ्याला. तोंडाने "कबड्डी कबड्डी" सुरू झालेलं, मला पत्ताच नाही! आणि तीन गडी बाद केल्यावर माणूस काय करतो? माघारी पळतो!

पळाले की मी. अशी पळाले, अशी पळाले! आमचीच पोरं दोन्ही हात पसरून आडवी आली, त्यांनाही चुकवलं. मागून सुजित बोंबलतोय, "अगं थांब! थांब!" आता चढाईत थांबतं का कोणी? शेवटी पोटावर घसरत आमच्या रेषेपलीकडे गेले, चेंडू टेकवला आणि तीन बोटं वर करून ओरडले, "तीन पॉइंट!"

पंचाने दोन बोटं वर केली. इंजिनिअरिंगच्या बाजूने. शिट्टी. खेळ खलास.

अर्धी मिशी ओठावरून लोंबतेय आणि हेलनबाई माझ्याकडेच चालत येतायत. संपली पीएचडी! आता साताऱ्याला जाऊन क्लासेस काढायचे. मला रडूच यायला लागलं.

"हे तू मुद्दाम केलंस?" बाईंनी विचारलं. "त्या काळची पोरं अडचणीत सापडली की जास्त गुण जाऊ नयेत म्हणून करायची असं."

सुजितने मला जोरात चिमटा काढला. हो म्हण, हो म्हण! पण खोटं बोलायचं तर तोंडातला चिखल आधी थुंकावा लागणार होता. तो थुंकला आणि खरं तेच बाहेर पडलं. "नाही हो मॅडम. मी कबड्डी खेळत होते."

कबड्डी म्हणजे काय ते सांगितलं. बाई ऐकता ऐकता हसायला लागल्या, छत्री पडली तरी हसतच होत्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "अगं, त्या काळची पोरंसुद्धा रग्बीची सवय घेऊनच या खेळात उतरली होती. जुन्या खेळाची सवय नव्या खेळात कशी शिरते? हा झाला तुझा विषय! सोमवारी ये, पीएचडीचं बोलू."

हुश्श! इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! चिखलातच बसकण मारली मी.

"फक्त एक अट," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तू इंजिनिअरिंगकडून खेळायचंस."

त्यांचा कॅप्टन शेजारीच उभा होता. तो घाईघाईने पुढे आला.

"नको नको, प्लीज! तिला तुमच्याकडेच राहू द्या. आज आमची बेस्ट प्लेअर तीच होती!"