भागीरथीच्या नावावर नागपुरात आठ दिवस

भिवापूरहून छोटी गाडी सुटली तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, खिशात एक कांदा (ऊन लागू नये म्हणून आम्ही ठेवतो), पिशवीत दोन शेर मिरचीपूड आणि बायकोच्या नावाचं पत्र होतं. बायको वारून चार महिने झाले होते. पत्र नंतर आलं.

आमच्या गावात हनुमानाच्या देवळाशेजारी एक खोली आहे. तिथे ती सहा वर्षं पोरांचं मंडळ चालवत होती. खेळ, गाणी, गोष्टी, संध्याकाळी शुभंकरोती. ती सातवी शिकलेली. मी दोन इयत्ता शिकलो, त्यातलं एक वर्ष मास्तरांची म्हैस राखण्यात गेलं. पत्रात लिहिलं होतं की मंडळ चालवणाऱ्यांसाठी नागपुरात आठ दिवसांचं शिबिर आहे आणि जे गाव तिथे शिकलेला माणूस देणार नाही त्याचं मंडळ बंद. सरपंचाला तर तेच हवं होतं. त्याला त्या खोलीत खताची पोती ठेवायची होती.

"किसनबुवा, खोलीची चाबी कधी देता?" तो म्हणाला.

"नागपूरहून आलो की."

"नागपूरले काहून?"

"शिकाले."

तो इतका हसला की त्याची विडी धोतरावर पडली आणि धोतराला भोक पडलं. मला बरं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा.

गाडी उमरेडला थांबली, मध्येही कुठे कुठे थांबली. खिडकीतून कोळशाचे कण येत होते. इतवारीला उतरलो तेव्हा मी इंजिन पुसून आल्यासारखा दिसत होतो. एप्रिलचं ऊन. डांबर चपलेला चिकटत होतं. सायकलरिक्षावाल्याने विचारलं, "कुठं जाचं बाबा?" मी पत्र पुढे केलं. तो म्हणाला, "मले वाचता येत नाही." मी म्हटलं, "मलेही जमून नाही राहिलं." तिसऱ्याच माणसाने वाचलं, जरीपटका, आणि आम्ही निघालो.

शिबिर एका शाळेत होतं. दारातच टेबल टाकून एक बाबू बसले होते. नागपूरच्याच महाल भागातले, चष्मा, अक्षर छापल्यासारखं. त्यांनी यादी काढली.

"नाव?"

"किसन."

"किसन नाही यादीत."

"बायकोचं असंल पहा."

"बायकोचं नाव सांगा."

आता इथे माझी अडचण झाली. आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. ती मला 'अहो' म्हणायची, मी तिला 'अवं' म्हणायचो, आणि चाळीस वर्षं दोघांनाही बरोबर कळत होतं. लग्नात बायकांनी दार अडवलं होतं, नाव घ्या मग आत जा. तिने उखाण्यात माझं घेतलं. मी मागच्या गोठ्यातून घरात शिरलो. मग जन्मभर ती भांडली की हे टोचायची, "गोठ्यातून पळाले, पण माहं नाव नाही निघालं तोंडातून."

मी बाबूंना म्हटलं, "कागदावर आहे. तुमीच वाचा."

"सौ. भागीरथीबाई किसनराव. त्या कुठे आहेत?"

"वारली. मी आलो."

बाबूंनी चष्मा काढला, पुसला, घातला. "वाईट झालं. पण यादी वरून सहीनिशी आली आहे. मला खाडाखोड करता येत नाही. मी वर लिहितो. उत्तर येईपर्यंत तुम्ही याच नावावर राहा."

"राहतो," मी म्हटलं.

यादीप्रमाणे मला सात नंबरची खाट मिळाली. मी वळकटी पसरली, पागोटं काढलं आणि आडवा झालो. थोड्या वेळाने सात-आठ बाया न्हाऊन केस पुसत आत आल्या. जी किंकाळी उठली ती पार बाजारापर्यंत गेली असेल. त्यांच्यात बुटीबोरीच्या रुखमाबाई होत्या, हातात पितळी लोटा.

"काहून गा बुवा, वाट चुकला का?"

"नाही वं. कागदात लिवलं आहे. खाट नंबर सात, महिला."

"कागदात महिला आहे, मिशा कोनाच्या मंग?"

लोटा उगारलेलाच होता. माझी वळकटी व्हरांड्यात गेली. पुढचे आठ दिवस मी तिथेच झोपलो. वारा चांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी झाली. आम्ही तीसेक माणसं मैदानात उभी. बाबू एकेक नाव वाचत होते. "सौ. भागीरथीबाई किसनराव."

मी म्हटलं, "हजर."

सगळे हसले. रुखमाबाई तर खालीच बसल्या. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. खरं सांगतो, गावात कोणी तिचं नाव घेत नव्हतं. 'तुमची घरची', 'ती बिचारी', 'गेलेली बाई' असंच चाललं होतं. इथे एक चष्मेवाला माणूस सकाळी सात वाजता, मोठ्या आवाजात, नावानिशी हाक मारत होता. मी उद्याच्या हजेरीची वाट पाहू लागलो.

शिबिराच्या मुख्य होत्या कमलताई. मास्तरकीतून निवृत्त, अंगाने काडी, आवाजाने तोफ. त्यांनी सांगितलं की शेवटच्या दिवशी प्रत्येकाने वस्तीतली वीस मुलं अर्धा तास सांभाळून दाखवायची. मुलं पांगली तर नापास. नापास झालेल्याला प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर मंडळ नाही. माझ्या डोळ्यांपुढे खताची पोती आली.

मग कवायत सुरू झाली. "डावीकडे वळ!" सगळे एकीकडे, मी दुसरीकडे. मी आणि रुखमाबाई समोरासमोर.

"किसनराव, डावं-उजवं कळत नाही का?" कमलताई ओरडल्या.

"कळते. पण चाळीस वर्षं मी बैलाले वळवलं. मले कोनी वळवलं नाही. सवय नाही."

"सवय करा."

"करतो. पन आधी सांगत जा, मंग ओरडत जा."

त्या चक्क आधी हळू सांगून मग ओरडू लागल्या. रांग सुधारली. माझी नाही, बाकीच्यांची.

प्रत्येकाला शिट्टी आणायला सांगितलं होतं. म्हणून मी बाजारात गेलो. जरीपटक्यात सिंधी लोकांची दुकानं ओळीने, कपडा, भांडी, खेळणी. एका दुकानदाराने विचारलं, "बाबा, पोते के लिए?"

"नाही, मेरे लिए."

"आप सीटी का क्या करोगे?"

"मेरेको मास्तर बनना है."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पत्र्याची शिट्टी हातात दिली. "बजा के देखो." मी छाती भरून फुंकली. रस्त्यावरचा रिक्षावाला पोलीस समजून जागीच थांबला. मागची सायकल त्याच्यावर, आणि सायकलवाला टरबुजाच्या ठेल्यावर. दोन टरबुजं गडगडत नालीत गेली. दुकानदार म्हणाला, "बाबा, चीज अच्छी है. अब जल्दी जाओ." मी शिट्टी पिशवीत टाकली आणि जल्दी गेलो.

जेवण बरं होतं, पण फिकं. भाजी म्हणजे कोमट पाण्यात पडलेला बटाटा. आमच्याकडे असं आजाऱ्याला देतात. चौथ्या दिवशी स्वयंपाकाची पाळी माझी आली. वांग्याची भाजी केली. घरी अजूनही माझ्या हातून दोघांची भाजी होते, मग संध्याकाळी तीच खातो. तीस माणसांचा अंदाज मला काय असणार? तिखट घालताना शिट्टी पिशवीत खडखडत होती, तिला बाजूला सारून मी मुठीने पूड घातली. भिवापूरची मिरची. रंग असा आला की बाबू म्हणाले, "वा! देखणी भाजी."

पहिल्या घासाला सगळे गप्प झाले. दुसऱ्याला बाबू उठले. तिसऱ्याला सगळेच उठले. मैदानात नळ एकच. तीस मोठी माणसं, पोरांना शिस्त शिकवायला आलेली, त्या एका नळावर तुटून पडली. कमलताई शिट्टीवर शिट्टी फुंकत होत्या, कोणी ऐकत नव्हतं, मग त्याही शिट्टी टाकून गर्दीत घुसल्या. रुखमाबाई एकट्या पानावर बसून होत्या. "मीठ कमी आहे गा," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मला बोलावणं आलं. कमलताईंचे डोळे अजून लाल होते. "किसनराव, अजून एक गोंधळ झाला तर तुम्हाला घरी जावं लागेल."

"घरी काही नाही ताई," मी म्हटलं. "तेवढी एक खोली आहे, तीही चालली."

त्या म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी पाहू."

परीक्षेच्या दिवशी माझी पाळी अकराच्या सुमारास आली. ऊन डोक्यावर. वस्तीतली वीस पोरं-पोरी समोर उभी, आधीच कंटाळलेली. कमलताई वही घेऊन झाडाखाली. मी ताठ उभा राहिलो, शिकवल्याप्रमाणे पिशवीतून शिट्टी काढली, ओठांत धरली आणि फुंकायच्या आधी दमदार श्वास आत ओढला.

चार दिवस ती शिट्टी मिरचीपुडीत लोळत होती, हे माझ्या लक्षात नव्हतं.

पुढचं काय सांगू? मी शिंकलो, खोकलो, नाचलो. डोळ्यांतून धारा. पोरं आधी घाबरली, मग लोळून हसली. मी नळाकडे पळालो. खेळच आहे समजून वीसच्या वीस माझ्या मागे, आणि तहानलेलीही होतीच. नळावर ढकलाढकली. एक पोरगी पडली. कमलताईंनी पेन्सिल उचललेली मला धूसर दिसली.

शिकवलेली एक आज्ञा आठवत असेल तर शपथ. पण गर्दी करून पाणी प्यायला धावणारी जनावरं मी आयुष्यभर सांभाळली होती.

"थांबा रे पोट्टेहो! तान्ह्या पोळ्याले (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडी बैल घेऊन फिरतात तो सण) बैल फिरवता ना तुमी?"

"हो!"

"आज लाकडाचे नाही. आज तुमीच बैल. जोड्या लावा. खांद्याले खांदा. जोडी मोडली त्याले पाणी नाही."

त्या पडलेल्या पोरीने हात कमरेवर ठेवले. "मी बैल नाही, मी गाय."

"गायही पानी पिते माय. तू सगळ्यात समोर."

दहा जोड्या लागल्या. अशी सरळ रांग आम्ही मोठ्यांनी आठ दिवसांत लावली नव्हती. एकेक जोडी नळावर आली. बैल पाणी पितो तेव्हा आम्ही शीळ घालतो, हळू, एकसारखी. मग तो दचकत नाही, मान वर करत नाही, पोटभर पितो. माझे ओठ भाजत होते, तरी मी तशी शीळ घातली. पोरं पाणी पीत होती. मधूनच कुणाला हसू फुटायचं आणि नाकातून पाणी यायचं. पण रांग हलली नाही. नंतर त्यांनी मला गाडीवान केलं आणि मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. अर्धा तास संपला तरी कोणी जाईना.

कमलताईंनी वही दाखवली. मी म्हटलं, वाचून सांगा.

"आज्ञा, सगळ्या चुकीच्या. शिट्टी, वापरता येत नाही. रांग, उत्तम. शेरा, मुले विचारतात, बैलवाले बाबा उद्या येणार का. पास."

मी पागोट्याने तोंड पुसलं. तिखटाचं पाणी अजून थांबलं नव्हतं.

बाबू प्रमाणपत्र घेऊन आले. वरून उत्तर आलं होतं, नाव बदलायला हरकत नाही. तरी ते दौत उघडून बसून राहिले. "किसनराव, कोणाचं लिहू? तुम्ही म्हणाल ते. पण तिचं लिहिलं तर मंडळाला चालणार नाही."

मला तिचंच हवं होतं. सहा वर्षं काम तिने केलं, मी फक्त ठसकलो. मी कागदाकडे पाहिलं. मग म्हटलं, "माहं लिवा. ती येनार नाही आता. पोट्टे येतीन."

निघायच्या सकाळी शेवटची हजेरी झाली. "किसनराव."

कोणी बोललं नाही. मीही नाही. मी तिच्या नावाची वाट पाहत उभा होतो.

रुखमाबाईंनी कोपर मारलं. "तुले बलावून राहिले गा!"

"हजर," मी म्हटलं. पण आवाज आठ दिवसांतला सगळ्यात बारीक निघाला.

परतीच्या गाडीत मी कांदा सोलून भाकरीशी खाल्ला. नागपूर मोठं आहे, पाणी गोड आहे, भाजी फिकी आहे. मी तिथे काय शिकलो असं कोणी विचारलं तर डावं-उजवं अजून येत नाही. एवढं कळलं की माणसाचं नाव रोज कोणीतरी घ्यावं लागतं. नाहीतर त्याच्या जागी खताची पोती येतात.

गावात पोचलो. सरपंचाला कागद दाखवला, त्याने उलटा धरून वाचला आणि चावी मागायचं सोडलं. संध्याकाळी खोली उघडली. पोरं आली, त्यांना आधी बैलांच्या जोड्यांचा खेळ सांगितला. मी नवी वही घेतली, बाबूंसारखा घसा साफ केला आणि पहिलं नाव हाकारलं.

"भागीरथी."

पोरांत खुसखुस सुरू झाली. मागून एक पोरगी ओरडली, "बुवानं बायकोचं नाव घेतलं! असं नाही चालत! उखाना पायजे! उखाना!"

"उखाना! उखाना!" सगळी खोली.

मी दाराकडे पाहिलं. पोरांनी दार अडवलं होतं. आणि या खोलीला मागे गोठा नाही.

"ऐका मंग," मी म्हटलं.

"भिवापूरची मिरची, नागपूरचा नळ,
भागीरथीचं नाव घेतो, पोट्ट्या, आता पळ!"

आणि सगळी मैदानाकडे पळाली. जोड्या लावून.