सैपाकघरातला दुसरा स्पीकर

लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला — आणि अजून शिकतोच आहे. मधे वडील अंथरुणाला खिळले, कॉलेज सुटलं, ते गेल्या वर्षी पुन्हा धरलं. अशा माणसानं उठून चार लोकांना काय सांगावं? माफ करा. पण ही गोष्ट मी कोणाजवळच बोललेलो नाही. आईजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगता येईल.

अकोल्याच्या जुन्या शहरात माझे मामा राहत. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांनी एक जुना रेडिओ घेतला होता — लाकडी पेटीचा, आतल्या काचेच्या नळ्या तापल्याशिवाय न बोलणारा. संध्याकाळी गल्लीतली मोठी माणसं त्याच्यापुढे बसत. मामी त्या बैठकीत कशी येणार? भिंतीपलीकडे चुलीपाशी ती भाकरी थापत ऐकायची, आणि निम्मं थापण्याच्या आवाजातच हरवायचं. मग मान बाहेर काढून मला हळूच विचारायची, "बापू, काय म्हने रे तो?"

दुपारी मात्र रेडिओ तिचा. हात धुवून, पदराला पुसून ती बटन फिरवायची आणि पेटी तापेपर्यंत समोर उभी राहायची — पाहुण्याची वाट पाहावी तशी.

मामांच्या मनात आलं, सैपाकघरात दुसरा स्पीकर बसवून द्यावा. पेटीच्या पाठीला त्यासाठी दोन भोकं होतीच. मिस्त्रीला बोलावतो म्हणाले. मी नुकतंच सायन्सला नाव घातलं होतं, सुट्टीत आलो होतो. म्हणालो, मिस्त्री कशाला? मी आहे ना.

का म्हणालो असं? मला येत नव्हतं. कॉलेजात बॅटरीवर घंटा वाजवून पाहिली होती, तेवढंच.

मामी मोर्णा नदीवर धुणं घेऊन गेली होती. मी मागचा पुठ्ठा काढला, वायर भिंतीवरून नेली, स्पीकर चुलीवरच्या फळीजवळ खिळ्याला टांगला. नवा फार बारीक बोलायचा. जुना बंद केला तर हा मोठ्यानं बोलेल, असं वाटलं — म्हणून रेडिओ जोरात चालू असतानाच मी जुन्या स्पीकरची वायर ओढून काढली. तसं करायचं नसतं, एकही स्पीकर जोडलेला नसला तर आतलं जळतं, हे आता माहीत आहे. हाताळताना नव्याचीही निसटली. आत लाख जळाल्यासारखा वास आला आणि आवाज गेला. पेटीवरचा दिवा मात्र तसाच जळत राहिला. मी रेडिओ बंद केला, वायरी होत्या तशा जोडल्या, पुठ्ठा लावला, खिडकी उघडून वास जाऊ दिला.

तेव्हाच सांगितलं असतं तर? कोणी रागावलंही नसतं. आमच्याकडे मामा-मामी भाच्याच्या पाया पडतात, पोरगा कितीही लहान असो. मी बॅग खाली ठेवायच्या आत मामी उंबऱ्यात वाकायची. मला कोण काय बोलणार होतं? मग मी कशाला भ्यालो? की ज्याच्या पाया पडतात, त्याला चुकताच येत नाही?

संध्याकाळी सगळे जमले. मामा ज्याला त्याला सांगत होते, "आमच्या भाच्यानं फिट केलं, मिस्त्री नाई लागला!" आणि मी — इथं हात अडतो — मी सैपाकघराच्या दाराशी गेलो आणि म्हणालो, "मामी, पहिलं बटन तूच फिरव. तुह्यासाठीच तं हाय."

केवढा आनंद झाला तिला! डोक्यावरचा पदर सारखा करत, भिंतीच्या कडेकडेनं ती माणसांसमोर आली. बटन फिरवलं. दिवा लागला. सगळे गप्प — पेटी तापायला वेळ लागतोच. मामी सैपाकघराकडे कान करून उभी. काही येणार नाही, हे तिथं मला एकट्याला माहीत होतं.

काहीच आलं नाही.

"मामी, झटक्यानं पिळलं तू," मी म्हणालो. "जळलं असन आतलं काही."

समोरचे म्हातारे काका हसले. "जात्याचा खुटा समजली काय वो सूनबाई?" मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "का पोरानंच उलटंसुलटं जोडलं?"

"नाई जी," मामी लगेच म्हणाली. इतक्या माणसांत तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "माह्याच हातानं झालं. भाचा कायले खोटं बोलन?"

रात्री तिनं माझ्या ताटात सगळ्यांहून जास्त लोणी वाढलं. मी खाल्लं.

मिस्त्री येऊन रेडिओ घेऊन गेला, दुरुस्त करून आणला, दुसरा स्पीकरही नीट जोडून दिला. कशानं जळला हे त्याला कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं ना! मी अमरावतीला कॉलेजात परतलो. नुकसान तर काही झालं नाही — असं मी स्वतःला कितीदा सांगितलं असेल.

पुढे मामा वारले आणि मामी मूर्तिजापूरला कमलकडे, म्हणजे तिच्या लेकीकडे, राहायला गेली. गेल्या महिन्यात परीक्षा संपली तसा मी घरी न जाता थेट तिथं गेलो. मामीसाठी संत्री घेतली होती. कमलनं ती हातात घेतली आणि रडायला लागली. मामीला जाऊन पंधरवडा झाला होता. मला कळवू नका, पेपर बुडन त्याचा, असं मामीनंच बजावून ठेवलं होतं.

चहा घेताना कमल बोलत राहिली. शेवटी मामीचं चालणं गेलं, तेव्हा जावयानं तिच्या उशाशी ट्रान्झिस्टर आणून ठेवला होता. सकाळी तो लावून देऊन दोघं वावरात जात. दुपारी केंद्र बंद झालं की नुसती खरखर सुरू व्हायची. बटन हाताशीच होतं. पण मामी त्याला हात लावायची नाही. "माह्या हातानं बिघडते ते," म्हणायची. कमल घरी येईस्तोवर ती खरखर ऐकत पडून राहायची.